मिड्स शून्यावर ठेवू नका आणि शंभर वॅट घरात आणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मुलांना सुट्टीत काय काय शिकवता येईल ह्यावर एक पान होतं, त्यात खाली कोपऱ्यात गिटारची एक चौकट होती आणि त्या चौकटीत एक वाक्य होतं की हेवी मेटल वाजवायचं असेल तर किमान १०० वॅटचा अँप आणि एक चांगलं मेटल पेडल घ्यावं. बस, एवढंच. अँप म्हंजे गिटारचा आवाज मोठा करणारं मशीन आणि पेडल म्हंजे त्याच्या आधी लावायची, पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी, हे पण सांगितलं नव्हतं. पुढे लगेच युकुलेले. ते वाक्य वाचून माझ्या जावेचा सोमवारी सकाळी पावणेआठला फोन आला, मी डबे भरत होते, म्हणे "अगं आता शंभर वॅटचा आणायला लागणार म्हणे, पेपरमधे आलंय, आणि ह्याने तर ते कात्रण फ्रीजला लावून ठेवलंय." हा म्हंजे माझा पुतण्या, सोळा वर्षांचा, राहणार कोपरखैरणे. तर त्या फ्रीजवरच्या कात्रणासाठी हे पत्र लिहितेय. लांब झालंय, माहितीये, कापायचं तर कापा पण मिड्सचा, म्हंजे मधल्या सुरांचा, भाग ठेवा.

मी कोण हे सांगायला हवं नाहीतर म्हणाल ह्या काकूंना काय कळतंय. मी नौपाड्यात राहते, वागळे इस्टेटमधे एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आहे, एकवीस वर्षं झाली. त्याच्याआधी कॉलेजात असताना मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे, बँडमधे, तीन मुलं आणि मी. सगळे म्हणायचे तू कीबोर्ड घे ना, छान दिसेल. नाही घेतला. आजही गिटारच्या दुकानात पुतण्याला घेऊन गेले की प्रश्न मी विचारते आणि दुकानदार उत्तर त्याला देतो, त्याची आता सवय झालीये.

तर आधी माझी फजिती सांगते कारण तुमच्या चौकटीतली चूक आणि माझी चूक एकच आहे. १९९७ साल, कॉलेजचं गॅदरिंग. आमच्या ड्रमरचा मोठा भाऊ जहाजावर होता, त्याने सिंगापूरहून बॉस कंपनीचं मेटल झोन नावाचं पेडल आणलं होतं, एमटी-२, हे पेडल १९९१ मधे आलेलं, तेव्हा ठाण्यात ते बघायला पण लोक घरी यायचे. त्याच्यावर नॉब दिसतात चार पण त्यातले दोन दुहेरी आहेत, आत एक बाहेर एक, म्हंजे एकूण सहा. मी महिनाभर रात्री खोलीचं दार लावून हळू आवाजात ते सेट केलं. बेस म्हंजे खालचे सूर फुल, ट्रेबल म्हंजे वरचे फुल, मिड्स शून्य, डिस्टॉर्शन म्हंजे आवाज फाडणारा नॉब, तो पण फुल. खोलीत तो आवाज काय लागायचा म्हणून सांगू, अंगावर काटा, असं वाटायचं की भिंतीतून ट्रक येतोय. गॅदरिंगला स्टेजवर तेच सेटिंग पेन्सिलने खुणा करून जसंच्या तसं लावलं, ड्रमरने चार काठ्या वाजवल्या, बँड सुरू झाला आणि माझी गिटार गायब. खरंच गायब. मी वाजवतेय, हात दुखतोय, पण ऐकू काय येतंय तर ड्रम, बेस गिटार, गाणाऱ्याची बोंब आणि मागे कुठेतरी श्श्श असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा येतो तसा. एका मैत्रिणीने वॉकमनवर टेप केलं होतं, ती कॅसेट अजून आहे माझ्याकडे, त्यात माझा रिफ, म्हंजे परत परत वाजणारी गिटारची ओळ, एकदाही ऐकू येत नाही. ती म्हणाली, "अगं तू वाजवत होतीस का, मला वाटलं तुझी वायर निघाली."

ह्याचं कारण मला पुढे बऱ्याच वर्षांनी नोकरीत कळलं. आपला कान हळू आवाजात खालचे आणि वरचे सूर कमी ऐकतो, मधले बरे ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मधे हे मोजून त्याचे आलेख काढलेत. म्हणून रात्री दार लावून हळू वाजवताना बेस आणि ट्रेबल चढवावेसे वाटतात आणि मिड्स खुपतात, आपण ते काढून टाकतो. पण आवाज मोठा झाला की कान सरळ होतो आणि तो चढवलेला बेस नुसता घुमायला लागतो. त्यात बँडमधे खालची जागा आधीच बेस गिटारने आणि ड्रमच्या किकने, म्हंजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमने, घेतलेली असते, वरची जागा झांजांनी, म्हंजे सिंबल्सनी. गिटारला राहतो मधला मजला. तोच तुम्ही विकून टाकलात तर राहणार कुठे. मेटल झोनला अख्ख्या जगात लोक नावं ठेवतात, त्याच्यावर जोक आहेत, पण माझ्या मते ते पेडल बिचारं निर्दोष आहे, त्यात मिड्सचा नॉब नुसता कमीजास्त करायला नाही तर नेमका कुठला मिड वाढवायचा ते ठरवायला दुसरा नॉब दिलेला आहे, एवढी सोय मोठमोठ्या अँपना नसते. मी ती सोय शून्यावर फिरवून ठेवली ह्यात पेडलचा काय दोष.

आता डिस्टॉर्शन म्हंजे काय ते, कारण जावेने फोनवर तेच विचारलं, "मुद्दाम खराब आवाज करायला पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न बरोबर आहे. तारेचा आवाज मशीनला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त मोठा करून आत घातला की लाटेचं डोकं वरून सपाट कापलं जातं, आणि कापलं गेलं की मूळ सुराच्या वरचे अनेक सूर आपोआप त्यात तयार होतात. आपल्याकडे हे काम तंबोऱ्याची जवारी करते, वेगळ्या पद्धतीने पण हेतू तोच, घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत अशा जागी आणायचा की एका तारेतून सगळे स्वर फुलून येतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, मिळालं ना, ती सगळी कला ह्या फुलण्यातच आहे. आणि गंमत पुढे आहे, मेटलवाले जी पॉवर कॉर्ड वाजवतात ती म्हंजे दुसरं तिसरं काही नसून सा आणि प. तंबोऱ्यात पण सा आणि प. दोघांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन, एकदम साधं, म्हणून कितीही डिस्टॉर्शन टाका ते एकमेकांत नीट बसतात. त्यात गंधार घातलात की गढूळ. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणे काकू तू मेटलला भजन करून टाकलंस. करू दे.

ह्या सगळ्याची सुरुवात ज्या माणसापासून झाली असं मानतात तो टोनी आयोमी, ब्लॅक सबाथ ह्या बँडचा गिटारवाला, तो बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा होता, नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि त्या दिवशी मशीनमधे त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हंजे तारा दाबायचा हात तोच. हे वाचलं की मला आमच्या वागळे इस्टेटची आठवण येते, तिथे प्रेसवर बोट गेलेली माणसं मी रोज बघते, आमच्याकडे चहा आणून देणारे मामा कपाचा कान दोन बोटांत धरतात कारण तिसरं नाहीये. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं लावलं, तारा पातळ लावल्या, पुढे गिटार खालच्या सुरात लावायला लागला म्हंजे तारा सैल पडतात आणि बोटांना त्रास कमी. १९७० मधे त्यांची पहिली रेकॉर्ड आली. आता माझ्या मुद्द्याची गोष्ट ही की तो माणूस अँपच्या आधी काय लावायचा? मेटल पेडल? तेव्हा असलं काही नव्हतंच. तो ट्रेबल बूस्टर लावायचा, रेंजमास्टर नावाची डबी, आणि त्यापुढे लेनीचा अँप. जगातला सगळ्यात जड आवाज काढणारा माणूस अँपमधे जायच्या आधी बेस वाढवत नव्हता, वरचा भाग ढकलत होता.

इथेच सगळं आहे हो. बेस आधी कापायचा, मग डिस्टॉर्शन करायचं, आणि पाहिजे तर नंतर अँपच्या नॉबवर किंवा स्पीकरमधून बेस परत घ्यायचा. उलटं केलं, म्हंजे भरपूर बेस डिस्टॉर्शनमधे घातला की त्याचा चिखल होतो, पाम म्यूट केलं, म्हंजे तळहाताने तारा दाबून वाजवलं, की जुग जुग जुग यायच्या ऐवजी भर्रर्र येतं. म्हणूनच इतकी वर्षं मेटलवाले ज्या पेडलच्या मागे लागलेत ते मेटल पेडल नाहीचे, ते आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर आहे, १९७९ च्या सुमारास आलेलं, ब्लूज वाजवणाऱ्यांचं लाडकं. ते पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू कमी करतं आणि मधला भाग फुगवतं. मार्शलचा जेसीएम ८०० घ्या, १९८१ चा, किंवा पीव्हीचा ५१५०, १९९२ चा, असल्या अँपच्या आधी हे लावायचं, त्याचा ड्राइव्ह, म्हंजे त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन, जवळजवळ शून्य, लेव्हल म्हंजे आवाज फुल, टोन मधे. पेडल स्वतः काहीच घाण करत नाही, फक्त अँपला धक्का देतं आणि बेस आवरतं. स्वस्तातली हिरवी कॉपी पण हे काम नव्वद टक्के करते, हे मी स्वतः दोन्ही जोडून ऐकलंय.

मागच्या महिन्यात रविवारी ट्रान्स-हार्बरने कोपरखैरण्याला गेले होते तेव्हाचं सांगते. पुतण्याकडे अँप आहे ४० वॅटचा, बारा इंची स्पीकरवाला, चांगला आहे, आणि त्याच्या आधी चार पेडलं ओळीने, त्यातली दोन डिस्टॉर्शनची, दोन्ही चालू. शिवाय अँपवर पण गेन, म्हंजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब, दहावर. म्हंजे तळलेला वडा परत पिठात बुडवून परत तळायचा. गिटारला हात लावला नाही तरी अँपमधून घरघर घरघर, ती बंद व्हावी म्हणून चौथं पेडल नॉइज गेट, आणि गेट एवढं घट्ट लावलेलं की लांब धरलेला सूर मधेच कचकन तुटतोय. मी म्हणलं सगळं काढ. एक हिरवं ठेव. अँपचा गेन चारवर आणला, बेस चारवर, मिड्स सातवर, ट्रेबल पाच. वाजव म्हणलं. वाजवलं त्याने आणि तोंड पाडून म्हणाला, "काकू, हे लाजतंय." मग मी ब्लूटूथ स्पीकरवर नुसत्या ड्रम्स आणि बेसचा एक ट्रॅक लावला, मोठ्याने, आणि म्हणलं आता ह्याच्यावर वाजव. पहिल्या चार ठोक्यांतच कळलं त्याला. प्रत्येक टोला सुटा ऐकू येत होता, किकच्या बरोबर बसत होता. काही बोलला नाही. मी पाणी प्यायला आत गेले आणि परत आले तर गेन पाचवर गेलेला होता, म्हणलं ठीक आहे, पाच तर पाच.

आणि रेकॉर्डवर जो अवाढव्य आवाज ऐकून ही मुलं गेन दहावर नेतात तो एका गिटारचा नसतो. तोच रिफ दोनदा, कधी चारदा वेगवेगळा वाजवून डावीकडे उजवीकडे ठेवलेला असतो. त्यातली एकेक गिटार सुटी ऐकलीत तर आश्चर्य वाटेल इतकी कमी गेनची असते.

आता ह्याला एक अपवाद मलाच पुतण्याने दाखवला, तो पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. बॉसचंच दुसरं पेडल, एचएम-२, नावातच हेवी मेटल आहे, १९८३ ला आलं, १९९१ ला बंद झालं. स्वीडनच्या पोरांनी त्याचे सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवले आणि करवतीसारखा आवाज काढला, एन्टूम्ड नावाच्या बँडची १९९० ची पहिली रेकॉर्ड त्याच आवाजाची आहे, पुढे त्याला एवढी मागणी आली की २०२० मधे कंपनीला ते परत काढावं लागलं. पुतण्या म्हणाला बघ, सगळं फुल, तुझा नियम खोटा. मी त्याचं सर्किट बघितलं. त्यावर जो हाय नावाचा नॉब आहे तो नावाला हाय, फुल केला की उचलतो साधारण १ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग, म्हंजे मिड्सच की. ती करवत म्हंजे मिड्सचा डोंगर आहे. नियम मोडला नाही, पोरांनी तो न वाचता पाळला.

आता वॅट. तुमच्या चौकटीतलं सगळ्यात महाग वाक्य. लोकांना वाटतं १०० वॅट म्हंजे १० वॅटच्या दहापट मोठा. तसं नसतं. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १० डेसिबल, आणि १० डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला ढोबळमानाने दुप्पट मोठं वाटतं. म्हंजे १० चा १०० केलात, वजन कुठल्या कुठे गेलं, किंमत गेली, आणि आवाज जेमतेम दुप्पट. फरक पडतो तो स्पीकरने. आठ इंचीच्या जागी बारा इंची घ्या, त्याचा डबा जरा मोठा घ्या, पाम म्यूटचा गुद्दा तिथून येतो. शंभर वॅटचा ट्यूब अँप, म्हंजे जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, घरात घेतलात तर त्याचा व्हॉल्यूम कायम एकच्या खाली राहणार, आणि एकच्या खाली त्या ट्यूबा जाग्या पण होत नाहीत, म्हंजे पैसे दिले हत्तीचे आणि दारात बांधली शेळी. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. ढोल-ताशा पथकांचं काय असं कोणीतरी विचारणारच, मी त्यावर बोलणार नाही, मी स्वतः दोन वर्षं ढोल बांधलाय. पण आपल्या सोसायटीत भिंत म्हंजे चार इंची वीट आणि पलीकडे कोणाचं तरी दहावीचं वर्ष. पुतण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या नावाने तीनदा मेसेज आलेत, तिसऱ्यात तर हात जोडलेले पाच इमोजी.

घरासाठी आता डिजिटल अँप मिळतात त्यांना नाकं मुरडू नका. बॉस कटाना २०१६ ला आला, त्यात अर्ध्या वॅटची सोय आहे, अर्ध्या वॅटवर पण तो पन्नास वॅटचा स्वभाव बराचसा ठेवतो. हेडफोन लावायचीही सोय असते. ट्यूबच पाहिजे, ट्यूबशिवाय मजा नाही असं म्हणणारे लोक मला माहितीयेत, त्यातले बरेचसे डोळे बांधून ओळखू शकणार नाहीत. मी पण नाही ओळखणार बहुतेक.

पण हेडफोनचं एक सांगायलाच हवं. गिटारचा स्पीकर हा नुसता आवाज मोठा करणारा स्पीकर नाही, तो साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं खाऊन टाकतो, आणि डिस्टॉर्शनचा जो खरबरीत टोचणारा भाग असतो तो नेमका तिथेच असतो. म्हणून पेडल थेट होम थिएटरला किंवा पीएला, म्हंजे कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांना, लावलं की डास घोंगावल्यासारखा आवाज. गेल्या गणपतीत ह्याच पुतण्याला सोसायटीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं दिली होती, अँप कुठे उचलून खाली न्या म्हणून ह्याने पेडलमधून वायर काढून सरळ मंडळाच्या मिक्सरला लावली. साउंडवाल्या दादाने फेडर वर केला आणि पहिल्या रांगेतल्या आजींनी पदर कानावर घेतला. पाच हजार डास. साउंडवाला बिचारा ट्रेबल कमी करत राहिला, शून्यावर आला तरी डास. ह्यावर उपाय सोपा आहे, अँपच्या समोर माइक ठेवा, नाहीतर कॅबिनेट सिम्युलेशन असलेलं पेडल शेवटी लावा, ते स्पीकरचं सोंग घेतं. मेटल पेडलच्या आधी ह्याला पैसे घाला.

आता माझ्या धंद्याचं. हे तुमच्या चौकटीत एका ओळीत तरी यायला हवं होतं कारण इथे जीव जाऊ शकतो.

ठाण्यात घरटी एक माणूस अमेरिकेत आहे आणि तो येताना तिकडे सेलमधे मिळाला म्हणून अँप आणतो. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. माझ्या मामेभावाने न्यू जर्सीहून असाच आणला, प्लगला कन्व्हर्टर लावला. तो कन्व्हर्टर नुसत्या पिना बदलतो हो, व्होल्टेज नाही बदलत. लावल्या लावल्या फ्यूज गेला. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं, फ्यूजने त्याचं काम केलं होतं. मग कोणीतरी शहाण्याने त्या फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळून परत लावला. माझ्याकडे आणला तेव्हा डिकी उघडल्याबरोबर वास आला, करपलेल्या वार्निशचा, तो वास मला झोपेत पण ओळखता येईल, आतलं वाइंडिंग चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. दुप्पट व्होल्टेज दिलं की ट्रान्सफॉर्मरचं लोखंड भरून जातं, त्याच्यापुढे करंट वेड्यासारखा वाढतो. असला अँप वापरायचा तर नीट स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, अँपच्या मागे लिहिलेल्या वॅटपेक्षा चांगला मोठा, आणि तरीही तो अँप इथे जरा जास्त तापेल कारण तिकडे ६० हर्ट्झ आणि आपले ५०.

दुसरं म्हंजे अर्थिंग. हम, म्हंजे सतत घुं असा आवाज, येतो म्हणून तिसरी जाड पिन कापणारे महाभाग मी बघितलेत. हम जातो, खरंय. पण मग आत काही लीक झालं तर ती वीज गिटारच्या तारांवर येते आणि तुमचे ओठ समोरच्या माइकला लागतात. हम घालवायचा तर अँप आणि सगळी पेडलं एकाच बोर्डवर लावा, पंख्याचा जुना रेग्युलेटर आणि डिमर बंद करा, सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हंजे तारांचं कंपन पकडणारा भाग) गिटार असेल तर उभं राहायची दिशा बदलून बघा. मेटलला हमबकर पिकअप बरा पडतो तो ह्याचसाठी, १९५५ मधे गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल उलट्या जोडून ही युक्ती केली, हम एकमेकांना खोडतो, सूर खोडला जात नाही.

पेडलला अडॅप्टर लावताना बघून लावा, बहुतेक पेडलना ९ व्होल्ट आणि आतली पिन निगेटिव्ह लागते. वायफाय राउटरचा अडॅप्टर दिसायला तसाच पण बहुतेक १२ व्होल्ट आणि आतली पिन पॉझिटिव्ह, उलटा लागला तर पेडल गेलं, मग माझ्याकडे नका येऊ. ट्यूब अँप असेल तर स्पीकरची वायर न लावता चालू करायचा नाही, कधीच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो परत गुंडाळायला मला तीन रविवार लागतात. आणि प्लग काढला म्हणून स्क्रू खोलून आत हात घालू नका, आतल्या कपॅसिटरमधे शेकडो व्होल्ट बसून असतात.

मग काय घ्यायचं हे जावेने शेवटी वैतागून विचारलंच. मी म्हणलं काहीच घेऊ नको, आहे तो अँप चांगला आहे. आधी गिटारच्या तारा बदल, आपल्याकडे पावसाळ्यात दोन महिन्यांत गंजतात, आणि खालचा सूर लावून वाजवणार असेल तर जाड सेट घे, १० ते ५२ चा, म्हंजे जाड तार लोंबणार नाही. मग गिटारची सेटिंग करून घे, बाराव्या फ्रेटवर सूर खरा येतोय का बघ, बेसूर गिटारला कुठलंही पेडल सुरात आणत नाही उलट डिस्टॉर्शनमधे तो बेसूरपणा दसपट ऐकू येतो. त्याची ती दोन डिस्टॉर्शनं विकून टाक, हिरवं राहू दे, गेट राहू दे पण सैल लाव. जुनं घ्यायचं झालं तर आपली गिटार घेऊन जा, प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐक आणि आवाज जरा मोठा करून बघ, दुकानात हळू आवाजात सगळंच गोड लागतं.

ह्या निमित्ताने पालिकेसाठीही दोन ओळी, ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ मधे यूटू बँडवाले येऊन गेले, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले तीन दिवस वाजवून गेले, लोकलना पाय ठेवायला जागा नव्हती, मी ठाण्याहून जाताना दोन गाड्या सोडल्या. बाहेरचे येऊन वाजवतात त्याचा आनंदच आहे. पण इथल्या चार पोरांना संध्याकाळी दोन तास ड्रम लावून वाजवायला एक बंद खोली मिळत नाही, ज्या खासगी आहेत त्या तासाचे पैसे घेतात आणि शाळेतल्या मुलांना परवडत नाही. नाट्यगृहांमधे तालमीच्या खोल्या असतात तशी एखादी खोली, भिंतीला जाड गादी लावून, दार नीट बंद होणारं, तीन पिनांचं नीट अर्थिंग केलेलं, तासाला थोडे पैसे घेऊन द्यावी. अर्थिंग मी फुकट तपासून देईन.

आणि तुमच्या पुरवणीत ती दुरुस्ती छापा. चार ओळीच लागतील, युकुलेलेच्या वर जागा आहे.

आपली जुनी वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)

ता. क. : तो १९९७ चा मेटल झोन ड्रमरच्या भावाने कधी परत मागितला नाही, मी कधी दिला नाही. पेन्सिलच्या खुणा अजून दिसतात. काल पुतण्या बघून म्हणाला काकू हा मला देशील का, मी म्हणलं आधी ते कात्रण फ्रीजवरून काढ.